मुघल शबीह: चेहरा मळकट का होतो आणि त्याचे मूळ कुठे असते

प्रश्न असा आहे: जहांगीर-शाहजहानच्या काळातल्यासारखे छोटे व्यक्तिचित्र, म्हणजे शबीह, करायचे आहे. जाड कागद घेतला, बाजारातला सर्वांत बारीक कुंचला आणला, तरी दोन-अडीच सेंटिमीटरचा चेहरा खरबरीत, ठिपक्याठिपक्यांचा आणि मळकट उतरतो. ते लोक वापरत तो ‘एका केसाचा कुंचला’ कुठे मिळेल?

असा कुंचला नसतोच, आणि तो मिळाला तरी तुमचा चेहरा सुधारणार नाही. एका केसात रंग मावत नाही. दीड मिलिमीटरची रेघ ओढेपर्यंत तो वाळतो. दरबारी चित्रकारांचे कुंचले खारीच्या शेपटीच्या केसांचे, चांगले भरदार पोट असलेले असत. फक्त त्यांचे टोक एका केसावर येऊन थांबे. पोटात रंग साठतो, टोक रेघ ओढते. चेहऱ्याचा मऊपणा येतो तो घोटलेल्या कागदातून, डिंकाच्या मापातून आणि थरांच्या क्रमातून. या तीन गोष्टी जमल्या की साधा तीन शून्यांचा कृत्रिम केसांचा कुंचलाही पुरतो. मुंगसाच्या केसांचा कुंचला कोणी दाखवला तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

आधी हे चित्र कशासाठी केले जाई ते थोडक्यात सांगतो, कारण पद्धत त्यातूनच आली आहे. अकबराने आपल्या दरबारातल्या मानकऱ्यांच्या शबीहा काढून घेतल्याची नोंद त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याने केली आहे. अकबराच्या काळात पोथीतले एकेक चित्र दोघे-तिघे मिळून करत: एकाची ‘तर्ह’ म्हणजे रचना, दुसऱ्याचा ‘अमल’ म्हणजे रंगकाम, आणि चेहऱ्यांसाठी ‘चेहरानामी’ करणारा वेगळा. जहांगीरच्या कारकिर्दीत (1605–1627) चित्र बहुतेक एकाच हाताचे होऊ लागले. एका चित्रात चेहरा एकाचा आणि डोळे-भुवया दुसऱ्याच्या असल्या तरी कोणते काम कोणाचे ते मी ओळखतो, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. 1613 साली खान आलमबरोबर इराणला वकिलात गेली, तेव्हा शाह अब्बासचा चेहरा हुबेहूब उतरवून आणण्यासाठी चित्रकार बिशनदासला सोबत पाठवले. 1620 मध्ये तो परतला आणि त्याला हत्ती इनाम मिळाला. साम्य हे त्या चित्रकाराचे सरकारी काम होते. म्हणून एकदा पकडलेला चेहरा जपून ठेवण्याची आणि पुन्हा पुन्हा तसाच उतरवण्याची सोय त्यांनी करून ठेवली होती. तिच्याकडे येतोच, पण आधी कागद.

एकेरी कागदावर हे काम होत नाही. हातकागदाचे तीन-चार ताव खळीने एकमेकांवर चिकटवून वसली करतात. खळ पातळ हवी: एक वाटी मैद्याला आठ वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायची, गाळून घ्यायची, आणि कसर-वाळवी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, टाकायचा. त्याहून जास्त मोरचूद नको. तांबे पुढे कागद पिवळा करते. ताव ओलसर करून एकावर एक लावा, मधली हवा मधून कडेकडे हाताने काढा, आणि दोन-तीन दिवस सपाट वजनाखाली वाळू द्या. उन्हात वाळवलेली वसली होडीसारखी वळते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात वसली करायचीच नाही. ती आतून ओली राहते आणि महिन्याभराने बुरशीचे करडे ठिपके पृष्ठभागावर येतात. दिवाळीनंतर एकदम वीस-पंचवीस करून ठेवाव्यात. वसली जितकी जुनी तितकी चांगली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा चौदाव्या शतकापर्यंत मागे नेतात. तसा लांब तंतूंचा, चिंध्यांपासून केलेला ताव मिळाला तर उत्तमच. लाकडी लगद्याचा ड्रॉइंग पेपर टाळा, तो घोटताना सोलतो.

वाळलेली वसली गुळगुळीत दगडावर किंवा जाड काचेवर ठेवून अकीक या कठीण दगडाच्या घोटणीने घोटायची. एका बाजूला किमान अर्धा तास, आधी उभी, मग आडवी. तिरप्या उजेडात धरली की पृष्ठभाग अंड्याच्या कवचासारखा दिसला पाहिजे. तुमचा चेहरा खरबरीत होतो त्याचे पहिले कारण इथे आहे. न घोटलेल्या कागदावर तंतू उभे असतात, कुंचल्याचे टोक त्यांवर अडखळते, आणि एक मिलिमीटरची रेघ तीन ठिकाणी तुटते. हा दोष पुढे कशानेही भरून निघत नाही.

आता चेहरा जपण्याची सोय. तिचे नाव चरबा. हरणाच्या पातळ पारदर्शक कातड्यावर मूळ चेहऱ्याची बाह्यरेषा उतरवून घ्यायची, रेषेवर सुईने बारीक भोके पाडायची, नव्या कागदावर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. खाली ठिपक्यांचा खाका उमटतो. आज ट्रेसिंग पेपर चालतो. भोके मात्र एकमेकांपासून अर्धा मिलिमीटरवर हवीत, नाहीतर नाकाचा शेंडा आणि ओठांची कड हरवते. शाहजहानच्या कारकिर्दीचा सचित्र इतिहास असलेल्या विंडसरच्या पादशाहनाम्यातल्या दरबाराच्या गर्दीत माणूस न् माणूस वेगळा ओळखू येतो, तो अशा साठवलेल्या चेहऱ्यांमुळेच. यासाठी एकचश्म, म्हणजे पूर्ण बाजूने दिसणारा चेहरा सोयीचा. साम्य सगळे कपाळ-नाक-ओठ-हनुवटीच्या एका रेषेत मावते आणि ती रेषा बिघडल्याशिवाय नक्कल होते. शाहजहानच्या काळापर्यंत बादशहाचा आणि उमरावांचा चेहरा जवळजवळ नेहमी एकचश्म, आणि धड तीनचतुर्थांश वळलेले, अशीच रीत पडली.

चरबा उलटा ठेवून माणूस दुसऱ्या दिशेला तोंड करून काढता येतो, आणि नवशिक्यांची एक हमखास चूक तिथे होते. मुघल चित्रांत जाम्याचे, म्हणजे घेरदार अंगरख्याचे, बंद मुसलमानांचे उजव्या काखेखाली आणि हिंदूंचे डाव्या काखेखाली असतात. चरबा उलटवला की बंदही उलटतात आणि तुमचा राजपूत सरदार मुसलमान होतो. तलवारही चुकीच्या बाजूला जाते. उलट्या खाक्यावरून फक्त चेहरा आणि अंगाची ठेवण घ्या. पोशाख नव्याने आखा. असाच एक बारकावा कानातल्या मोत्यांचा. जहांगीरने 1614 मध्ये अजमेरच्या ख्वाजांवरच्या श्रद्धेने कान टोचून घेतले आणि दरबाऱ्यांनी त्याचे अनुकरण केले. त्याआधीचा जहांगीर रंगवताना कानात मोती घालू नका.

कोळशाचे ठिपके पातळ गेरूच्या रेघेने जोडून घ्या, कोळसा पिसाने झाडा, आणि सगळ्यावर सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, एक पातळ हात फिरवा. खालची रेघ दुधातून दिसावी तशी पुसट दिसली पाहिजे. त्यावर पक्की रेखाटणी करा. ही दुसरी रेखाटणी बहुतेक जण गाळतात. पहिली शोधण्यासाठी असते, दुसरी ठरवण्यासाठी. रेखाटणीने किती काम होते ते पाहायचे असेल तर मरणासन्न इनायतखानाची दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. 1618 साली अफूने आणि आजाराने झिजलेला हा दरबारी समोर आला तेव्हा जहांगीरने चित्रकारांना त्याची शबीह काढायला सांगितले. त्याचे रेखाटन बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे, रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. छातीच्या फासळ्या, खोल गेलेला डोळा, मानेची शीर, सगळे रेखाटनातच ठरलेले आहे. रंगीत चित्रात त्याला गादी-तक्के आणि भिंत मिळाली.

रंगांबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे चुका महाग पडतात. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, लालसाठी हिंगूळ, नारिंगीसाठी शेंदूर, पिवळ्यासाठी हरताळ आणि गोमूत्रातून मिळणारी प्योरी, निळ्यासाठी बदख्शानच्या निळ्या दगडाचा लाजवर्द आणि नीळ, हिरव्यासाठी तांब्याच्या गंजाचा जंगाल, किरमिजीसाठी लाख, मातकट लालसाठी गेरू-हिरमुजी, काळ्यासाठी दिव्याची काजळी. यांतले शिसे, पारा आणि सोमल असलेले रंग, म्हणजे सफेदा, शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ, घरात खलू नका. सफेद्याऐवजी जस्ताचा पांढरा, हरताळाऐवजी पिवळी माती आणि शेंदूर-हिंगुळाऐवजी तयार कॅडमियमसारख्या छटेचे बिनविषारी रंग घ्या. टायटॅनियमचा पांढरा चेहऱ्याला नको. तो इतका झाकतो की खालचे काहीच श्वास घेत नाही.

प्रत्येक रंगाचा खल वेगळा असतो. हिंगूळ जितका खलाल तितका उजळतो. लाजवर्द उलटा: फार बारीक केला की निळाई जाऊन राखाडी होतो. तो थोडा रवाळ ठेवायचा, पाण्यात ढवळून वर तरंगणारा गढूळ भाग ओतून टाकायचा आणि तळाला बसलेला निळा घ्यायचा. जंगाल कागद खातो. जुन्या पोथ्यांत हिरव्या चौकटीच्या रेघेवरच पान चिरलेले दिसते ते त्यामुळे. त्यात केशर मिसळण्याची इराणी रीत होती आणि तिने कागदाची झीज कमी होते. हरताळ जंगालाला किंवा शिशाच्या सफेद्याला लागला की काळवंडतो. चांदीचा रंग काळा पडतोच. जुन्या चित्रांतले काळे पाणी आणि काळ्या तलवारी मूळच्या चांदीच्या आहेत, नक्कल करताना त्या काळ्या करू नका.

डिंक म्हणजे बाभळीचा, काचेसारखा स्वच्छ. 50 ग्रॅम डिंक 100 मिलिलिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, मलमलीतून गाळा, टिकण्यासाठी दोन लवंगा टाका. चहाचा एक चमचा कोरड्या रंगाला दहा-बारा थेंबांपासून सुरुवात करा आणि प्रत्येक रंगाची कसोटी वेगळी घ्या, कारण काजळी आणि नीळ यांसारखे हलके रंग डिंक जास्त पितात, हिंगुळासारखे जड रंग कमी. कसोटी सोपी आहे. वसलीच्या तुकड्यावर पट्टा ओढा, पूर्ण वाळू द्या, कोरडे बोट फिरवा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी. पट्टा चमकला किंवा कागद किंचित वाकवल्यावर तडकला तर जास्त. बोट कोरडे आणि पट्टा मंद, तर बरोबर. तुमच्या मळकट चेहऱ्याचे दुसरे कारण इथे आहे. अंगरंगात डिंक कमी असला की वरून सावलीचा कुंचला फिरताच खालचा थर उठतो, दोन्ही एकमेकांत कालवले जातात, आणि चेहऱ्यावर चिखल होतो.

रंगवण्याचा क्रम असा: आधी पार्श्वभूमी, मग पोशाखाचे सपाट रंग, मग चेहरा आणि हात, शेवटी दागिने आणि सोने. प्रत्येक सपाट थर पातळ ठेवा, दाट साईसारखा नाही, पातळ ताकासारखा. दोन किंवा तीन हात द्या. प्रत्येक हात वाळला की चित्र पालथे घालून काचेवर ठेवायचे आणि मागून घोटायचे. रंगाचे कण कागदात बसतात आणि पृष्ठभागाला मीनाकारीसारखी झिलई येते. रंग ओलसर असताना घोटला तर तो काचेला चिकटून निघतो. संशय असेल तर आणखी एक तास थांबा.

आता चेहरा. अंगरंग हवा त्यापेक्षा थोडा फिका ठेवा, कारण वरची सावली त्याला गडद करणारच आहे. पांढऱ्यात पिवळ्या मातीचा आणि हिंगुळी लालाचा कण, गव्हाळ वर्णाला गेरूचा आणखी एक. तीन पातळ हात, प्रत्येकानंतर घोटणे. मग बुजलेली बाह्यरेषा गेरूत काजळीचा कण टाकून पुन्हा बांधा. शुद्ध काळा फक्त वरच्या पापणीची कड आणि बुबुळ यांनाच.

सावलीला परदाज म्हणतात. दाण्यांचा दाणा परदाज, बारीक रेघांचा खत परदाज, आणि रेघांवर रेघा तिरप्या टाकून होणारी जाळी. चेहऱ्याला दाणा आणि अगदी आखूड रेघा मिसळून चालतात. कुंचला रंगात बुडवा, फडक्यावर जवळजवळ कोरडा करा, अंगठ्याच्या नखावर टोक तपासा, मग लावा. तुमचे ठिपके दिसतात त्याचे कारण, माझ्या मते, ते मोठे आहेत हे नसून ते फार गडद आहेत. सावलीचा रंग अंगरंगापेक्षा फक्त एक पायरी गडद हवा, इतका की पहिल्या फेरीत काही लागले की नाही असे वाटावे. सात-आठ फेऱ्यांनी खोली येते. घाईने दोन पायऱ्या गडद रंग घेतला की देवीचे व्रण उठतात. आणि सावलीत काजळी मिसळू नका. अंगरंग उबदार, काजळी थंड. एकत्र आल्या की राख दिसते. गेरूत निळीचा लहानसा कण पुरतो. मळकटपणाचे तिसरे आणि सर्वांत सामान्य कारण हेच.

सावली कुठे, तर खालच्या पापणीच्या खाली, नाकपुडीच्या मागे, गालफडाच्या हाडाखाली, जबड्याच्या कडेला, आणि कानाच्या मुळाशी. मुघल चेहऱ्यावर एका बाजूने पडलेला उजेड नसतो; उंचवटे उजळ, खोलगट भाग गडद, एवढाच नियम. गोवर्धन किंवा बिचित्र या मुघल चित्रकारांच्या कामात युरोपीय छापचित्रांवरून घेतलेली छाया-प्रकाशाची जाण दिसते, पण तिथेही चेहरा निम्मा अंधारात जात नाही. डोळ्याचा पांढरा भाग शुद्ध पांढरा ठेवला तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. त्यात निळसर करड्याचा अंश घाला. दाढीला आधी पातळ करडा हात, मग मुळाकडून टोकाकडे एकेक केस. पांढऱ्या दाढीलाही खाली करडाच लागतो, नाहीतर ती कापसासारखी चिकटवलेली वाटते. कल्ल्यांच्या सीमेवर केस विरळ होत त्वचेत विरले पाहिजेत.

सगळे झाल्यावर साम्य केसभर हुकलेले दिसले तर चेहरा उकरू नका. पार्श्वभूमीचा रंग घेऊन बाहेरच्या बाजूने नाक किंवा हनुवटी छाटा. बाह्यरेषेला धारही येते आणि अंगरंग शाबूत राहतो.

पारदर्शक मलमलीच्या जाम्यासाठी आधी खालचे अंग आणि पायजमा पूर्ण रंगवायचा, त्यावर पाणीदार पांढऱ्याचा एक हात, आणि जिथे कापड दुमडते तिथे व कडेला दाट पांढरी रेघ. मोती म्हणजे दाट पांढऱ्याचा उचललेला थेंब. तो टाकल्यावर चित्र घोटायचे नाही, चपटा होतो. सोन्यासाठी वर्ख बशीत मधात किंवा दाट डिंकात बोटाने तासभर घोटतात, भरपूर पाण्यात धुतात, तळाचे सोने पातळ सरसात कालवून लावतात, आणि वाळल्यावर अकीकाने हलके घोटतात. चांदी मिसळलेले सोने हिरवटसर, तांबे मिसळलेले लालसर. शेजारी शेजारी दोन छटा वापरल्या की जरतारी खुलते. काही चित्रांत घोटलेल्या सोन्यावर बोथट सुईने टोचे मारलेले असतात. समोरून ते दिसत नाहीत, पण पान हातात घेऊन हलवले की झगमगतात. ही चित्रे हातात धरून पाहण्यासाठी होती, मुरक्क्याच्या, म्हणजे चित्रसंग्रहाच्या, पानांत, भोवती फुलांचा हाशिया (समास) आणि मागे सुलेखन अशी. भिंतीवर टांगून त्यांतले निम्मे सौंदर्य हरवते.

सुरुवातीला काय उतरवावे? बिचित्रचे जहांगीर आणि सूफी शेखांचे चित्र घेऊ नका. त्यात तेजोवलय, वाळूचे घड्याळ, इंग्लंडच्या राजाचा चेहरा, सगळे एकाच वेळी अंगावर येते. सपाट हिरव्या पार्श्वभूमीवर उभा असलेला एकटा माणूस घ्या, चेहरा तीन सेंटिमीटरचा करा. मराठी माणसाला गोवळकोंड्याच्या शबीहा जवळच्या वाटतील. 1680 च्या दशकात तिथले चित्रकार दख्खनच्या आणि मुघल सत्ताधीशांचे संच करत आणि ते युरोपीय खरेदीदारांकडे जात. शिवाजी महाराजांची बाकदार नाकाची, टोकदार दाढीची चित्रे अशाच संचांतून आली आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या संचात एक आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक आहे, आणि इटालियन प्रवासी मनुची याच्यासाठी मीर मुहम्मद या चित्रकाराने केलेल्या संचात घोड्यावरचे महाराज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. या संचांतले परदाज मुघलांपेक्षा कमी, रंग सपाट आणि रेघ ठाम, म्हणून शिकायला ती सोपी जातात. उतरवण्याआधी चित्रातला माणूस कोण हे मात्र तपासून घ्या. चित्रावरची नावे पुष्कळदा नंतर, दुसऱ्याच कोणी लिहिलेली असतात. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र बरीच वर्षे महाराजांचे म्हणून छापले जात होते, ते इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले.

पहिल्या चेहऱ्याला रोज एक तास धरून तीन आठवडे ठेवा, आणि परदाजाच्या फेऱ्या एकाच दिवशी दोनपेक्षा जास्त करू नका. मधल्या वेळात चित्र घडी न पडेल अशा कोरड्या पाकिटात, काळोखात ठेवा. लाखेचा रंग उजेडात उडतो.